शेवट आधी बघणारी

"सांगायचं नाही! एक शब्द बोललीस तर उठून जाईन!" नवऱ्याने दोन्ही कानांवर हात दाबले आणि वर डोळेही घट्ट मिटले. जसं काही शेवट डोळ्यांतूनही आत शिरणार होता.

बायको शिलाई मशीनवर बसून खुदुखुदु हसली. नव्या कोरियन मालिकेचा शेवटचा भाग तिने सकाळीच उरकला होता. तिचा नेमच तो. आधी शेवट बघायचा, मग पहिला भाग लावायचा. शेवट रडका निघाला तर त्या मालिकेला घरात थारा नाही. उगाच जिवाला घोर कोण लावून घेणार? सगळी बिल्डिंग तिला निकालबाई म्हणायची. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका टेप अंगाभोवती असतानाच विचारायच्या, "काकू, ती डॉक्टरवाली सुरू करू का?" आणि काकू तोंडात टाचण्या धरूनच निकाल द्यायच्या.

तिची मतंही ठाम. नायक नायिकेचं मनगट धरून ओढत नेतो, ते तिला अजिबात खपत नसे. "हात आहे की दोरी?" श्रीमंत सासू नायिकेच्या तोंडावर पाणी फेकायला लागली की ही म्हणायची, "फेक बाई, तुझं काय जातंय, पुसायला मोलकरीण आहे." स्मृती गेलेल्या नायकाला सगळं आठवायला लागलं की समोरून ट्रक येणार हे ती ट्रकच्या आधी सांगायची. सिनेमे मात्र तिला नकोच असत. सिनेमात माणसं दोन तासांत मरतात, मालिकेत निदान सोळा भाग तरी जगतात, असा तिचा हिशेब.

नवऱ्याचं सगळंच उलटं. त्याने उभा जन्म सरकारी बस चालवली. "शेवटचा स्टॉप पाटीवर लिहूनच मी रोज निघायचो," तो म्हणायचा. "आता तरी मला न कळता जाऊ दे की गं." त्यामुळे रोज दुपारी जेवणं झाली की दोघं शेजारी बसायची. एकीला सगळं ठाऊक, दुसऱ्याला काहीच नाही, आणि तरी डोळे पुसायला रुमाल दोघांत एकच.

या मालिकेत मात्र नवरा पेंगायला लागला. अर्ध्या भागातच मान कलायची. "रात्री काय बस चालवता की काय?" ती टोमणा मारायची. सकाळच्या फिरण्याने दमत असेल, असं तिला वाटायचं. ते फिरणं तिनेच मागे लागून सुरू करवलं होतं आणि त्याचा तिला कोण अभिमान! पोट पार उतरलं होतं. त्याच्या पॅन्टची कंबर तिने मध्यंतरी आत घेतली होती. आता तीच पॅन्ट पुन्हा मशीनवर आली होती. "बघा, माझं ऐकलं की माणूस कसा सडपातळ होतो," ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायची. दर गुरुवारी तो डेपोतल्या जुन्या मित्राकडे जायचा. येताना दंडावर चिकटपट्टी असायची. मित्राची मांजर ओरबाडते म्हणे. "मग त्या मेलीला कडेवर कशाला घेता?" ती ओरडायची.

त्या दुपारी मालिकेतल्या नायकाने डॉक्टरांचा कागद चुरगळून खिशात कोंबला आणि बायकोसमोर जाऊन हसला. निकालबाईंचा पारा चढला.

"मूर्ख मेला! आजार काय लपवायची गोष्ट आहे? आणि ती बाई तरी कसली? एका घरात राहते, एका ताटात जेवते, आणि हिला कळत नाही? डोळे आहेत की बटणं?"

"सांगून काय होणार?" नवरा म्हणाला. "ती रोज रडत बसेल."

"रडू दे की! एक दिवस रडेल, दुसऱ्या दिवशी पदर खोचून उभी राहील. सांगायचं. सरळ तोंडावर सांगायचं."

नवऱ्याने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. नायकाचं हसू पडद्यावर तसंच राहिलं.

"याचा शेवट सांग मला," तो म्हणाला.

ती खो खो हसली. "अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला? कान नाही झाकायचे?"

"सांग ना. वाचतो का तो?"

"वाचतो हो! दोघं समुद्रावर घर बांधतात. रडका शेवट मी लावेन तरी का?"

"बरं झालं." त्याने रिमोट हळूच बाजूला ठेवला. "अजून बरेच भाग उरलेत. माझ्याने एवढे बघून होतील, असं वाटत नाही."

ती हसतच होती. मग तिचं लक्ष मशीनवरच्या पॅन्टकडे गेलं. मघाशी तिनेच टाचण्या लावल्या होत्या, ओंजळभर कापड आत दुमडून. ते कापड कुठून उरलं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. डेपोतला तो मित्र स्वतःच्या पोरांनासुद्धा घरात टिकू देत नसे, तो मांजर कशाला पाळेल? अरे देवा, रोज माझ्या शेजारी बसत होता हा माणूस. माझ्याच हाताने माप घेत होते मी.

"तूच म्हणालीस ना, सरळ सांगायचं," नवरा म्हणाला. त्याने तिचा हात हातात घेतला. "ऐक. गुरुवारी डॉक्टर म्हणाले..."

तिने हात हिसडून सोडवला. दोन्ही कानांवर तळवे दाबले, डोळे गच्च मिटले, आणि जन्मभर शेवट आधी बघणारी ती बाई किंचाळली, "नका! शेवट नका सांगू मला!"