घाटा उतरना वं

घाटा चुलीवरून उतरवून सुलक्षणाला बराच वेळ झाला होता आणि गल्लीतली एकही बाई आली नव्हती.

तिने पातेल्यात पळी फिरवली. पळी जड जात होती. ज्वारीच्या पिठाचा हा शिजवलेला घाटा गरम असतो तोवरच त्याचे पापडासारखे बिबडे थापता येतात, निवला की नुसता गोळा. आणि पायलीभर ज्वारीचे बिबडे एकट्या बाईच्या हातून होत नाहीत. त्याला गल्ली लागते.

कोनाड्यात वही होती. शिरपूरच्या समुपदेशक मेघाताईंनी त्यात तीन रकाने आखून दिले होते. पहिल्यात सुलक्षणाने कालच लिहिलं होतं, 'सात घरी बोलावणं केलं.' दुसऱ्यात, मनात आलं ते, 'कोणी येणार नाही.' तिसरा रकाना, खरं काय झालं त्याचा, रिकामा होता.

"मनात आलं म्हणजे तसंच घडलं, असं नसतं," मेघाताई म्हणाल्या होत्या. "बोलावून तर बघा. आणि डोळ्यांनी बघाल तेच लिहा."

सांगणाऱ्याचं काय जातं! गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्याच झुंबरबाईंच्या अंगणात सुलक्षणाच्या हातून घाटा करपला, बाया हसल्या आणि तेव्हापासून ती कुणाच्या घरी गेली नव्हती. दिवसाढवळ्याही दाराला आतून कडी. काल मात्र ती सात घरं फिरली. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलली आणि उत्तर न ऐकताच वळली. घरी आली आणि पुन्हा कडी लावली.

आता बाहेर चाहूल नव्हती. घाटा चुलीवर असताना बाहेरच्या बाईने हाक मारायची नाही, नजर लागते, अशी इथली रीत. घरच्या बाईनेच दार उघडून सांगायचं, "घाटा उतरना वं!" घाटा उतरला गं, एवढं कानावर पडलं की सगळ्या आत येतात. सुलक्षणा हे लहानपणापासून बघत आली होती. पण हाक द्यायची कुणाला? मोकळ्या गल्लीला? म्हणजे पुन्हा हसायला निमित्त.

घाट्यावर साय धरली. तिने बोट लावून पाहिलं. कोमट.

"मला माहीतच होतं," ती पातेल्याला म्हणाली. असं म्हणताना तिला जरा बरंही वाटलं, हेच वाईट.

तिने वही काढली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'कोणी आलं नाही.' मग डोळे पुसले. निदान म्हशीच्या तरी पोटात जाईल, म्हणून पातेलं उचलून दाराशी आणलं, खाली ठेवलं आणि कडी काढली.

ओट्यावर सात बाया बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर पोळपाट आणि पोळपाटावर फडकं. घरून भिजवून आणलेली फडकी कडेने वाळत आली होती. कुणी बोलत नव्हतं.

"उतरना का वं घाटा?" शेजारच्या ज्योतीने दबक्या आवाजात विचारलं.

त्या कधी आल्या, हेच सुलक्षणाला कळेना. "कव्हय उनात तुम्ही?"

"दिन उगाना तव्हयच्या बठेल शेतस," उगवतीकडे हात करत झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी पुढे वाकून पातेल्यात बोट घातलं. "थंडा व्हयना. जाऊ दे, गरम पानी टाकसूत."

"मंग मझार का नई उनात?" सुलक्षणाने घराच्या आत बोट दाखवलं.

झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"कडी तूच लायेल शे ना, माय. ती आम्ही बाहेरथीन कशी उघाडसूत?"

सुलक्षणा बाजूला झाली. दार भिंतीला टेकेपर्यंत तिने उघडलं. सातही जणी समोरच होत्या, तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी तिने हाक दिली,

"घाटा उतरना वं!"