पुढची डावी सीट

मी शेठची जीप चालवायचो. तिच्यात नजर ठेवणारा डबा बसवताना शेठनं मला विचारलंसुद्धा नाही. गाडी कुठं गेली, किती वेळ थांबली, कुठल्या सीटवर माणूस बसला, सगळं त्या डब्यातून दिंडोरीच्या ऑफिसात छापून यायचं. दोन हजार आठ सालची गोष्ट.

सोमवारी शेठनं कागद माझ्यापुढं आपटला. "गोरक्ष, रामकुंडावर चाळीस मिनिटं काय करत होतास? पॅसेंजर नेलास ना? बघ, माणसे दोन."

"एकटाच होतो शेठ. बापाच्या अस्थी होत्या. गाडगं तुमच्या सीटवर ठेवलं होतं, पुढं डावीकडं."

माझं टाळकं सटकलं होतं. बापानं तीस वर्षं ह्याच्या द्राक्षबागेत औषध मारलं. एकदा थकून त्या सीटवर बसला, तर अंगाला वास येतो म्हणून शेठनं हाताला धरून खाली उतरवला. आणि आता त्याच्या अस्थींचीही चौकशी!

"अस्थी सोडल्यावर मग येताना कोण होतं?" शेठनं कागदावर बोट ठेवलं. येतानाही माणसे दोनच.

"खोटं बोलतोय तुमचा डबा!" मी ओरडलो. "आत्ता उखडून आणतो."

मी खिशातून किल्ली काढली. जीप मीच कुलूप लावून बाहेर उभी केली होती.

तेवढ्यात प्रिंटर करकरला. शेठनं नवी ओळ वाचली आणि कागद त्याच्या हातातून गळला. मी उचलून वाचला.

गाडी ऑफिससमोर. दारे बंद. माणसे एक. पुढची डावी सीट.

मी किल्ली त्याच्यापुढं आपटली.

"जा शेठ. उतरवा आता त्याला."