मुकुलचं केळवण

फाटकातून आत आली आणि विनोदिनी सवयीने खालच्या मजल्याच्या दाराशीच थांबली. मग स्वतःशीच हसली. आता आपलं बिऱ्हाड इथे नाही. मालक वर राहतात, आमंत्रण वर द्यायचं.

पिशवीत मुकुलसाठी शर्टपीस होता. मालकांच्या मुकुलचं दिवाळीनंतर लग्न, म्हणून तर तिने उन्हाळ्यात ही जागा रिकामी करून दिली होती. "रंगरंगोटी करायचीय, वहिनी," नारायणराव म्हणाले होते. "लग्न होऊ दे, पाहुणेरावळे जाऊ देत, मग या परत. घर तुमचंच आहे." तेव्हापासून ती लेकीला घेऊन रहिमतपूरला बहिणीकडे राहत होती. अबोली तिथून एसटीने साताऱ्याला कॉलेजला यायची आणि रोज विचारायची, घरी कधी जायचं?

दाराला नवं कुलूप होतं, आकडे दाबायचं. तेवढ्यात ते आतून उघडलं. अर्ध्या चड्डीतला एक माणूस टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला.

"गरम पाणी येत नाहीये," तो म्हणाला. "आणि कासला जायला गाडीचं कोण बघतं? तुम्हीच का?"

"तुम्ही... मुकुलच्या सासरकडचे का?"

"कोण मुकुल? आम्ही मुंबईचे. ऑनलाइन बुकिंग आहे आमचं."

त्याच्यामागे तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा काढून टाकला होता. तिथे पलंग होता.

मुकुल धुतलेल्या चादरी घेऊन जिन्यावरून उतरला. "काकू! अशा अचानक?"

"तुझ्या केळवणाचं सांगायला आले रे. कधी सोयीचं पडेल?"

"माझं केळवण?" मुकुलला हसू आवरेना. "काकू, आधी मुलगी तरी दाखवा!"

हसता हसता त्याने वर पाहिलं. गॅलरीत नारायणराव उभे होते.

"वर या, वहिनी, चहा घ्या," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. सगळी गल्ली हेच करतेय हो."

विनोदिनीला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्यातला निम्मा स्वतःवर. जाताना तिने भिंतीसुद्धा पुसून दिल्या होत्या, नव्या सुनेला बरं वाटावं म्हणून. उंबऱ्याला हळदकुंकू लावून निघाली होती. परत यायचंच आहे, तर कशाला ओझं, म्हणून पाटा-वरवंटाही इथेच ठेवला होता.

तो आता फाटकाजवळ मांडलेला होता; आत येताना तिचं लक्षच गेलं नव्हतं. वर झेंडूची फुलं पसरली होती. त्या माणसाची बायको वाकून फोटो काढत होती.

"किती गोड ना! हे खरंच वापरायचे का?" तिने विचारलं.

"या उन्हाळ्यापर्यंत," विनोदिनी म्हणाली.

तिने फुलं बाजूला सारली. पाटा तिला एकटीला उचलणं शक्य नव्हतं. वरवंटा तिने पिशवीत घातला, आणि पाट्यावर शर्टपीस ठेवला.

"वहिनी, अहो, हे काय पाहुण्यांसमोर!"

"मुकुलचं खरंच ठरलं की कळवा," ती वर न बघता म्हणाली. "तेव्हा पाटा न्यायला येईन."