राग कुणावरचा

“राग त्या कुलपावर नाहीच तुमचा,” समुपदेशक मऊ आवाजात म्हणाला. “तो वडिलांवर आहे.”

टाचणी समोरच्या खुर्चीत बसली होती. अंगानं किरकोळ आणि जिभेनं टोकदार, म्हणून शिवणखात्यातल्या बायकांनी तिला हे नाव दिलं होतं.

दोन दिवसांपूर्वी तिनं कारखान्यातल्या बायकांच्या संडासाचं कुलूप फोडलं होतं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात असे. कामाच्या एका पाळीत दोनदा, तीही मागितली तर मिळे. त्या दिवशी तो चहाला गेला होता. कॉलर शिवणारी मावशी, साठीला टेकलेली बाई, अर्धा तास बंद दाराशी उभी राहिली आणि शेवटी परत मशीनवर येऊन बसली. थोड्या वेळानं तिच्या स्टुलाखाली ओल पसरली. मावशी कॉलर शिवतच राहिली. मान म्हणून वर केली नाही. टाचणी उठली, टेबलावरची लोखंडी इस्त्री उचलली आणि तीन घावांत कुलूप खाली पाडलं. दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप होतं.

मालकांनी तिला काढून टाकलं नाही. हल्ली तसं करत नाहीत. त्यांनी समुपदेशक बोलावला. माणूस वाईट नव्हता. भरपूर शिकलेला होता आणि मन लावून ऐकत होता. त्यानं लहानपणाबद्दल विचारलं, तेव्हा टाचणीनं सांगून टाकलं. ती सात वर्षांची असताना वडिलांनी तिला एकदा मागच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली होती. ती रडून रडून तिथेच झोपली होती. हे ऐकून समुपदेशक खुर्चीत पुढे सरकला. त्यानं समजावलं की माणूस असं काही विसरला तरी त्याचं मन विसरत नाही. ते तसलंच दुसरं दार शोधत राहतं. साहेब, मालक, सरकार, या सगळ्यांत आपण आपला बापच बघत असतो.

उद्या दुपारपर्यंत तो अहवाल देणार होता. कारण वैयक्तिक, कौटुंबिक. मग टाचणीनं सगळ्यांसमोर माफी मागायची, की नोकरी शाबूत. कुलूपही शाबूत.

घरी जाताना तिला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की त्याचं बोलणं तिला पटलं होतं. वडिलांची तिला चीड होतीच. का, ते सांगता आलं नसतं.

वडील त्याच कारखान्यात एकतीस वर्षं सुतार होते. आता घरीच असत. बोलणं अगदी मोजकं. जन्मभर तोंडात खिळे धरले, आता ओठ उघडत नाहीत, असं आई म्हणायची. संध्याकाळी ते शेंगा निवडत बसले होते. टाचणी त्यांच्यासमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मनाचे डॉक्टर म्हणतात, माझा राग तुमच्यावर आहे. कोंडल्याची गोष्टही सांगितली.

वडिलांना ते आठवत नव्हतं. त्यांनी हातातल्या शेंगेची शीर काढली. मग म्हणाले, “त्या दाराला कडी-कोयंडा मीच बसवला.”

तिला वाटलं, ते मागच्या खोलीबद्दल बोलतायत. ते कारखान्याबद्दल बोलत होते.

बावीस वर्षांपूर्वी मालकांनी सांगितलं आणि ते हूं की चूं न करता पेचकस घेऊन गेले. आई तेव्हा तिथेच काज-बटणांवर होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं कामावर निघायच्या आधी पाणी पिणं सोडलं.

निघताना पाणी पिऊ नये, हे आईनंच टाचणीला शिकवलं होतं. ती घराण्याची रीत आहे, अशीच तिची समजूत होती. आईला पुढे मूतखड्यानं कसं पिळून काढलं, ते दोघांनीही पाहिलं होतं. त्यावर या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

टाचणी ओरडली नाही. तेव्हा तुम्ही नाही म्हणायला हवं होतं, एवढंच म्हणाली. वडील हो म्हणाले.

सकाळी ते तिच्याबरोबर निघाले. काखेत हत्यारांची पिशवी होती. फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमननं त्यांना ओळखलं आणि विचारपूस करून आत सोडलं. संडासाच्या दाराशी आल्यावर त्यांनी कुलपाला हातही लावला नाही. ते कोयंड्याचे स्क्रू काढू लागले. स्क्रू गंजले होते, एकेकाला वेळ लागत होता. निघालेला प्रत्येक स्क्रू टाचणीनं ओंजळीत घेतला.

सुपरवायझर धावत आला. कुणाच्या हुकमानं, असं त्यानं विचारलं.

“लावताना हुकूम लागला होता,” वडील मागं न बघता म्हणाले. “काढायला लागत नाही.”

कॉलरवाल्या मावशीनं मशीन बंद केलं. मग तिच्या शेजारणीनं. ओळीच्या ओळी थांबत गेल्या. मावशी सगळ्यांच्या समोरून सावकाश चालत आली, आत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

मशीनचा आवाज बंद झाला म्हणून समुपदेशक ऑफिसातून बाहेर आला. निघालेला कोयंडा आणि म्हाताऱ्याचा घामेजलेला चेहरा बघून त्याला सगळं कळलं: हेच ते वडील. तो टाचणीच्या जवळ गेला आणि त्यानं हळूच विचारलं, आता हलकं वाटत असेल ना?

टाचणीनं आत खरोखर चाचपून पाहिलं.

“बाबांवरचा राग होता तो गेला. तुमचं बरोबर होतं,” ती म्हणाली. “आता एवढा जो उरलाय तो कुणावरचा, ते अहवालात लिहा.”