पेटीतला कोट

"साक्षीदार जिवंत हवा," कारकून म्हणाला. "मेलेल्यांची सही आम्ही घेत नाही." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

लेकीला हसू आलं नाही. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कचेरीत ती वर्षभर खेटे घालत होती. तिच्या बाबांना शौर्यपदक जाहीर झालं होतं. नदीवरच्या लढाईत एका जखमी शिपायाला पाठीवर घेऊन त्यांनी गोळीबारातून पाणी ओलांडलं, असं जुन्या आदेशात स्वच्छ छापलेलं होतं. पण त्यांच्या सेवानोंदीत पदकाचा पत्ताच नव्हता. उलट शेवटी एक ओळ होती, रुग्णालयातून न सांगता निघून गेल्याची.

त्या ओळीने घराचा पिच्छा पुरवला होता. गल्लीत बाबांना पाठीमागे 'पळपुटा' म्हणत. लहानपणी भांडणात हरायची वेळ आली की समोरची मुलं तेवढा एक शब्द काढायची आणि ही गप्प व्हायची. आता बाबा अंथरुणाला खिळले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. ते गेल्यावर तो शब्द मागे उरू नये, एवढंच तिला हवं होतं.

बाबांना मात्र यातलं काहीच नको होतं.

"ते पदक माझं नाही," ते म्हणायचे. "उकरू नकोस."

एरवीही ते कमीच बोलत. डोक्याला मार लागल्यापासून जीभ अडखळते, असं आई असेपर्यंत सांगायची. त्यांना ना भाऊ ना बहीण, ना कुठलं गाव. नळ ठिबकला तरी त्यांना झोप येत नसे, उठून ते खाली फडकं ठेवत. कुठे लढाईत माणसं मेल्याची बातमी आली की ती कुठल्या बाजूची का असेनात, त्या दिवशी त्यांचं ताट तसंच परत जायचं. फक्त लेकीला झोपवताना त्यांची जीभ मोकळी व्हायची. तेव्हा ते एक अंगाई म्हणत. तिचे शब्द घरात कुणालाच कळत नसत. त्यांच्याकडची बोली असेल, असं म्हणून आईने तो विषय कधीच मिटवून टाकला होता.

पेटीत त्यांचा लष्करी कोट होता. त्या तुकडीत ओळखीचे बिल्ले कधी वेळेवर पोचत नसत, म्हणून प्रत्येक शिपाई कॉलरच्या आत दोऱ्याने आपलं नाव शिवून घ्यायचा. बेशुद्ध पडून आलेला माणूस कोण, हे रुग्णालयवाले त्यावरूनच ठरवत. काठावर चढताच डोक्याला मार लागून कोसळलेल्या बाबांचंही तसंच ठरलं होतं. बाबा दर वर्षी त्या कोटाला ऊन दाखवत, पण थंडीने कुडकुडले तरी तो अंगावर घेत नसत.

शेवटी तिने साक्षीदार शोधून काढला. बाबांनी पाठीवर आणलेला तो जखमी शिपाईच. लढाईनंतर त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. फोनवर त्याने बाबांचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आहे अजून तो? येतो मी."

तिने हे सांगताच बाबांनी तिचं मनगट धरलं.

"त्याला नको बोलावू. तो खरं सांगेल."

पहिल्यांदाच लेकीच्या मनात पाल चुकचुकली. पदक खरंच दुसऱ्या कुणाचं असेल तर? गल्लीचंच खरं असेल तर? पण आता माघार घ्यायला तिचं मन तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळवाला आला. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. कुबडी भिंतीला टेकवून तो खाटेशेजारी बसला. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"ओळखता का, काका?" तिने विचारलं.

"तोंड कुठे धड पाहिलं होतं गं? पूर्ण रस्ताभर मला याची पाठच दिसत होती."

तो थोडा वेळ त्या पाठीकडे बघत राहिला. मग गुणगुणायला लागला. सूर पार बेसूर होता, पण चाल तीच होती. अंगाईची.

बाबांचे खांदे हलायला लागले. भिंतीकडूनच त्यांनी पुढचे शब्द म्हटले, एकही न अडखळता.

"मी शुद्ध हरपू नये म्हणून हा सारखा हेच म्हणत होता," घड्याळवाला डोळे पुसत म्हणाला. "लिही, पोरी. याच माणसाने मला आणलं. कुठे सही करू?"

लेक रडत रडत हसली. इतक्या वर्षांचं ओझं एका दुपारी उतरलं होतं. बाबांनी भिंतीकडून तोंड वळवलं आणि त्या माणसाचा हात धरला. तो निघेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

त्याला जिन्यावरून उतरवताना ती म्हणाली, "बाबा उगाच घाबरले होते. म्हणत होते, तुम्ही खरं सांगाल."

घड्याळवाला पायरीवर थांबला.

"खरंच सांगितलं की. फक्त नाव नाही घेतलं. कोट आहे अजून?"

"पेटीत आहे. जिवापाड जपतात."

"जपणारच. माझ्या दोस्ताचा आहे तो. कॉलरवर नाव आहे ना, त्याचा. त्या दिवशी सकाळी मी एकट्याने पुरलं त्याला, आणि थंडी म्हणून त्याचा कोट ठेवून घेतला."

"मग तो बाबांच्या अंगावर कसा आला?" तिने विचारलं.

"अंधारात तुझे बाबा मला उचलायला वाकले, तेव्हा तो कोट मीच त्यांच्या अंगावर चढवला. त्यांचा स्वतःचा सदरा नदीत सोडून दिला," घड्याळवाला म्हणाला. "शत्रूच्या गणवेशात ते आमच्या काठावर चढले असते, तर आमच्याच पोरांनी त्यांना गोळी घातली असती."