ताटलीतले तीन दाणे

"कातडं काढू नकोस," आई म्हणाली. "एझेलला कातड्यासकट लागतं."

व्हर्निसने सुरी खाली ठेवली. चुलीवर चवळी रटरटत होती. धुरी दिलेल्या डुकराच्या नडगीचा वास पडद्यांत, केसांत, सगळीकडे भरला होता. लहानपणी या वासाने ती अंथरुणातून धावत यायची. आता तिला डुकराचं मांस सोसत नव्हतं.

एझेल तिचा धाकटा भाऊ. कोळंबीच्या बोटीवर गेला आणि बोट त्याच्याशिवाय परतली, त्याला अकरा वर्षं झाली. पुढच्या नवीन वर्षाला आईने त्याची ताटली वाढली. चर्चहून परतल्यावर ती रिकामी होती.

"आला होता गं माझा लेक!" आई म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी त्या रात्री गाढ झोपली.

ताटली रिकामी केली होती व्हर्निसने. "हातमोजे विसरले," म्हणून ती फाटकातून मागे फिरली, जेवण कोंबड्यांना टाकलं आणि नवीन वर्षाच्या रीतीप्रमाणे चवळीचे भाग्याचे तीन दाणे तेवढे ताटलीत ठेवले. मग दरवर्षी ती हातमोजे विसरू लागली.

पण आता घराच्या पायऱ्या कुजल्या होत्या. नोव्हेंबरात आई पडली ती संध्याकाळपर्यंत अंगणातच पडून होती. "अटलांटाला माझ्याकडे चल," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी गेले तर तो जेवायला कुठं येईल?"

म्हणून या वर्षी ताटली भरलेलीच राहणार होती.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. तिसरी ताटली मध्ये.

"थोडं मांस घे की. शहरात राहून नुसती बकरी झालीस."

"बकरीच बरी. तिला कुणी धुरी तरी देत नाही."

आई हसली. जेवण संपलं तेव्हा दोघींनी आपापल्या ताटलीत तीन दाणे राखले.

"तुझा भाऊ एक ठेवेल तर शपथ," आई म्हणाली. "मी ओरडले की आपले तीन तुझ्या ताटलीत सरकवायचा. म्हणायचा, माझंही नशीब ताईकडेच असू दे."

व्हर्निस खुर्ची सरकवून उठली.

भांडी टेबलावर तशीच राहिली. वर्षाच्या पहिल्या दिवशी काही धुवायचं नसतं. धुतलं तर घरातलं माणूस धुऊन जातं. व्हर्निसने खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

फाटकाशी आई थांबली. "हातमोजे?"

"आहेत." व्हर्निसने दोन्ही हात दाखवले.

आईने एकदा बंद दाराकडे पाहिलं आणि चालू लागली.

चर्चमध्ये दर नवीन वर्षाप्रमाणे गुलामगिरी सुटल्याच्या दिवसाची गाणी झाली. एरवी आईचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आज तिचे नुसते ओठ हलत होते. आपण एझेलला दुसऱ्यांदा बुडवतोय, असं व्हर्निसला वाटत राहिलं.

परतल्यावर ओसरीत आईने तिचा दंड धरला.

"कोंबड्या कातडं खात नाहीत, व्हर्नी. दरवर्षी मला कुंपणाशी सापडायचं."

"आई..."

"माहीत होतं गं. तरी रिकामी ताटली बघितली की जीव निवायचा. घर सोडवत नव्हतं." तिने रुमालाने नाक पुसलं. "पण आता पुरे. तो गेला, पोरी. उघड दार. ताटली आवरू आणि माझी बॅग भरू."

व्हर्निसला हुंदका आला. तिने किल्ली फिरवली.

एझेलच्या ताटलीत चाटूनपुसून साफ केलेलं हाड होतं. ना कातडं, ना एक दाणा.

व्हर्निसच्या ताटलीत सहा होते.