लेखनिकाची सही

आर. के. पुरमहून बस सुटली आणि प्रमोदिनीच्या लक्षात आलं, पुस्तक घरीच राहिलंय. शेजारी तिची जन्मांध लेक वृंदा बसली होती आणि तासाभरात वृंदाचा संगीतशास्त्राचा पेपर होता.

"आई, भूप आणि देशकार रागांतला फरक वाच ना परत. जल्दी!"

प्रमोदिनीनं पिशवीतलं वर्तमानपत्र मांडीवर घेतलं, पान उलटल्याचा आवाज केला आणि न अडखळता सांगितलं, "स्वर तेच पाच. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत. भूप रात्री गायचा, देशकार सकाळी."

"काय मस्त वाचतेस गं! जसं काही सगळं कळतंयच तुला," वृंदा हसली.

केंद्रावर गेल्यावर समजलं, वृंदाची उत्तरं लिहून घेणारी मुलगी आलेलीच नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, आईला लेखनिक म्हणून बसता येईल, पण लेखनिकाला संगीत येत असता कामा नये.

"मेरी मम्मी को तो सा भी नहीं पता, मैडम," वृंदानं बिनधास्त सांगून टाकलं.

बाईंनी छापील कागद पुढे केला. 'मी संगीत कधीही शिकलेले नाही.' प्रमोदिनीनं खाली सही केली.


पंचवीस वर्षांपूर्वी पाहुणे तिला बघायला यायचे होते, त्या सकाळी वडिलांनी तिचा तानपुरा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला होता आणि हेच वाक्य तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं.